सगळ्यांची आजी

हंगरवाडी, पो. अणदूर
दि. २७ एप्रिल २०२३

चि. अमरनाथ यास,
उमाक्काचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, म्हणजे ऊन भरपूर आणि बाकी सगळं बेताचं. तुझी खुशाली फोनवर कळली असती, पण तुझ्या दाजींना ऐकायला कमी येऊ लागल्यापासून आमचा फोन कायम स्पीकरवर असतो. तू तिकडं धाराशिवला शिंकलास तरी इथं शेजारच्या रानात कळतं. म्हणून आपली जुनी रीत धरली. पत्र डब्यासोबत एसटीच्या कंडक्टरकडं देते आहे. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी आहे. त्यानं निम्मं तरी पोचवावं.

शिबिराची धांदल चाललीय. रिटायर झालेला हेडमास्तर घरात बसवून ठेवणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटर चालू ठेवण्यासारखं, आज ना उद्या जळणारच. ह्यांनी मळ्यात पत्र्याचे दोन शेड मारले आणि लेकरांचं दोन आठवड्यांचं निवासी शिबिर काढलं. पुण्या-सोलापूरच्या शिकल्यासवरल्या लोकांनी पटापट नावं घातली. पत्रक पाहिलंस का? शेणानं सारवणं, जात्यावर दळणं, बैलगाडी, शेततळ्यात पोहणं आणि आजीच्या हातची भाकरी. त्यातली आजी म्हणजे मी. बैल आपल्याकडं न्हाईत, ते शेजारच्या वीरप्पाकडून रोजानं आणायचे. जातं बाजारातून आणलं. शेणसुद्धा मागून आणावं लागणार. सगळ्या पत्रकात घरचा माल एवढाच, मी. ज्या बायांनी शेणाचा वास चुकवायला शहरातले नवरे बघितले, त्याच आता पोरांना शेणात हात घालायला फी भरून पाठवतायत. असो, आपलं काय जातं!

पण हा सगळा खटाटोप एका पोरीसाठी आहे, हे तुला सांगायला नको. माझा शिवप्रसाद हायवेवरच्या अपघातात गेला तेव्हा त्याची ही लेक मांडीवर होती. पुढं आपल्या सुनेनं, सोनालीनं, दिग्विजयशी लग्न ठरवलं, त्यात वावगं काय होतं? रोज सकाळी बसवण्णांची वचनं म्हणणाऱ्या सासऱ्याला तर बरं वाटायला हवं होतं. त्यानं काय केलं? मराठ्याच्या घरात चाललीय ना, म्हणून लेकराच्या गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट उतरवून ठेवून घेतलं. अरे, मेलेल्या माणसाचंसुद्धा आपण लिंग काढून घेत न्हाय, सोबत मातीला देतो. ह्यांनी जित्या लेकराचं काढलं. सोनाली लेकराला घेऊन उंबरा ओलांडून गेली. शिवरंजनीची आरोही झाली, दिग्विजय तिचा बाप झाला, आणि आपण तिचे कुणीच न्हाय झालो.

आता तू मध्ये पडून सोनालीला राजी केलंस. पोरगी शिबिराला येणार, पण आम्ही कोण हे तिला कळता कामा नये, ही सोनालीची अट मला कबूल आहे. ह्यांनाही आहे, मी दोनदा वदवून घेतलं. दोन आठवडे मी सगळ्यांची आजी, त्यातच तिचीही. ह्या खेपेला नीट पार पडलं तर ती पुढच्या उन्हाळ्यात परत येईल, मग त्याच्या पुढच्या. मला एवढंच हवंय. जास्तीचं मागायची सवय कधीच मोडली.

डबा परत पाठव. मायेचं देणंघेणं चालू राहू दे.
तुझी,
उमाक्का

धाराशिव
दि. ३० एप्रिल २०२३

ती. अक्कास,
अमरनाथचा शि. सा. न. वि. वि.

चटणी मिळाली. कंडक्टर सज्जन निघाला, त्यानं फक्त भाकरी खाल्ल्या आणि तशी चिठ्ठीही लिहिली. तुझ्या हातची भाकरी आता पत्रकात छापून आली म्हणजे आमच्यासारख्यांना ती फुकट मिळणं बंदच होणार, हे मी समजून चाललो आहे.

सोनालीचं बोलणं तुला जसंच्या तसं कळवतो, कारण कोर्टात इतकी वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतल्यामुळं दुसऱ्याच्या शब्दात मीठमसाला घालायची माझी सवय गेली आहे. ती म्हणाली की पोरीला गावाकडची हवा लागावी, उमाबाईंच्या हातचे दोन घास तिनं खावेत, असं तिला स्वतःलाच वाटतं. तुझ्यावर तिचा राग कधीच नव्हता. पण आरोही दिग्विजयला बाप म्हणते, त्याच्या वडिलांना आजोबा म्हणते, आणि त्या माणसांनी तिला कधी परकं केलेलं नाही. खरं काय ते पोरीला सांगायचं तर सोनालीच सांगेल, तिला वाटेल तेव्हा. दुसऱ्या कुणी सांगितलं, तर तो शेवट. पुन्हा तोंड दिसणार नाही. मी तिला शब्द दिला. दिग्विजयनंही अडवलं नाही, फक्त तिथं विंचू असतात का एवढं विचारलं. मी म्हणालो, एकच आहे, आणि तो वचनं म्हणतो.

दाजींना माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग की वचन म्हणणं वेगळं आणि पाळणं वेगळं. त्या माणसाला गप्प बसता येत नाही हीच मला धास्ती आहे. तुझी मला काळजी नाही. तू मनात आणलंस तर देवालाही खरं कळू देणार नाहीस.

कळावे. धाकट्यावर ओरडायचा हक्क कायम आहे, तो बजावत जा.
तुझा,
अमर

हंगरवाडी
दि. ९ मे २०२३

चि. अमर यास,
अ. उ. आ.

हात रिकामा मिळाला म्हणून लिहिते. लेकरं शेततळ्यावर गेली आहेत आणि इथं अचानक एवढी शांतता झालीय की कानात पाणी गेल्यागत वाटतंय.

तीसेक पोरं आली. प्रत्येकाची चाकांची बॅग, आणि आमच्या नांगरलेल्या रानातून चाकं चालेनात. आमचा गडी बंडप्पा हमालासारखा डोक्यावर वाहत होता. एकीच्या आईनं बजावून पाठवलंय की तिला ग्लूटेन चालत न्हाय. मी म्हटलं, ते काय असतं मला ठाऊक न्हाय, खडा लागला तर थुंकून टाक. एकानं बैलाला हात लावून विचारलं की हा चार्ज कसा होतो. चेष्टेनं विचारलं असावं, अशी मी मनाची समजूत घातली. दिवसभराचे फोटो बंडप्पा संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढून, रेंज धरून, आईबापांच्या ग्रुपवर टाकतो. पोरं खरकटी ताटं घासताना दिसली की तिकडून टाळ्यांची रांग लागते म्हणे. घरी हीच पोरं पाण्याचा पेला उचलत नसतील.

आता तुला जे ऐकायचंय ते. आली. काटकुळी आहे, उन्हानं नाक सोललंय. पहिल्याच दिवशी माझी भाकरी एका बाजूनं करपलीय असं तिनं चारचौघांत सांगितलं. बाकीची पोरं गोड मानून खात होती, हिला तेवढं दिसलं. माझी सासू असती तर म्हणाली असती की उमीचीच जीभ उचलून आणलीय. ह्या उकाड्यात डोक्यावरून चादर घेऊन झोपते, अगदी शिवप्रसादगत. मी मुद्दाम ओळीतल्या प्रत्येकाची चादर सारखी करत जाते, म्हणजे तिच्यापाशी थांबलेलं कुणाला खटकायला नको. तिला भाकरी थापायला शिकवली. पहिली झाली ती आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखी, तुळजापूरकडं फाटलेली. दुसरी फुगली. तेव्हा तिनं आजी म्हणून जी हाक मारली, ती इतर तीस जणांसारखीच होती. मीही तीस जणांना देते तसाच ओ दिला. त्याला किती ताकद लागते ते तुला कळायचं न्हाय.

ह्यांचं मात्र बघवत न्हाय. तिच्याकडं बघतात आणि लगेच मोटरीकडं बघायला जातात. मोटरीला काही झालेलं न्हाय. परवा तिला एक आंबा जास्तीचा द्यावासा वाटला, तर कुणाला संशय नको म्हणून सगळ्यांनाच एकेक जास्तीचा वाटून मोकळे झाले. दोन दिवसांची अढी एका दुपारी रिकामी. मी बोलले तर म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा. काल बंडप्पाला सोलापूरला पिटाळलं, तो कसलासा खोका घेऊन आलाय. समारोपाची बक्षिसं असतील. विचारलं तर लहान पोरागत खोक्यावर बसून राहिले.

अमर, मी सुखात आहे असं म्हणायला जीभ धजत न्हाय, दृष्ट लागेल. रोज एक दिवस कमी होतो तेवढंच वाईट वाटतं. बाकी सोनालीला सांग, पोरगी खाते, हसते, आणि तिला काहीही ठाऊक न्हाय.

तब्येतीला जप आणि अक्कावरचा जीव आटू देऊ नको.
तुझी,
उमाक्का

धाराशिव
दि. १६ मे २०२३

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विशेष म्हणजे आज मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

काल सोमवारी संध्याकाळी तुमच्या बंडप्पानं नेहमीप्रमाणे ग्रुपवर फोटो टाकले. पोरं ओळीनं मांडी घालून बसलेली, कपाळाला भस्म, समोर तुमचे गावचे स्वामी, आणि प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग. खाली बंडप्पानं हौसेनं लिहिलंय की आजचा संस्कार उत्साहात पार पडला. रात्रीतून तो फोटो कुठल्या कुठं गेला. आज कोर्टात मला तीन वकिलांनी दाखवला. एक बाप म्हणतो की अजून पोराची मुंज व्हायची आहे आणि मध्येच हे काय. एक जैन गृहस्थ आधी दोन तास चिडले आणि मग म्हणाले की निदान कांदा-लसूण तरी घातलं नव्हतं ना. एकानं थेट धर्मांतराची तक्रार देतो म्हटलंय. देणार नाही बहुतेक, त्याला फीचे पैसे परत हवे आहेत. हसू येण्यासारखं आहे, पण मला आलं नाही.

कारण दुपारी सोनाली घरी आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. तिनं फक्त फोटो मोठा करून आरोहीच्या गळ्यावर बोट ठेवलं. बाकीच्यांच्या गळ्यात काळा दोरा आणि पितळेची डबी, हिच्या गळ्यात चांदीची. ती म्हणाली की ही डबी ती डोळे मिटूनही ओळखेल, तिच्यासमोरच ती लेकराच्या गळ्यातून उतरवली होती. तिनं विचारलं, तुम्ही दिलेला शब्द तो हाच का. उद्याच्या बसनं ती येते आहे.

अक्का, एकच विचारतो. तुला हे आधी ठाऊक होतं का?

कळावे. ह्या वेळी पुढचं काही लिहवत नाही.
अमर

हंगरवाडी
दि. १८ मे २०२३

चि. अमर यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सोनाली एकाच बसनं आले.

मला ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी ह्यांनी पोरांना आंघोळी घालून बसवलं, स्वामींना बोलावलं आणि भाषण केलं की बसवण्णांच्या दारात जात न्हाय, उच्चनीच न्हाय, जी येतील ती लेकरं आपलीच. भाषण चांगलं होतं. फक्त ते सोनालीच्या लग्नाच्या वेळी करायचं होतं. स्वामी एकेकाच्या कानात मंत्र सांगत निघाले, आणि पोरं गुदगुल्या झाल्यागत खिदळत होती. तेव्हा मला खोक्यात काय होतं ते कळलं. सगळ्यांना खोक्यातलं नवं, एकीला देवघरातलं जुनं. तिचा दोरा बांधताना ह्यांनी तीनदा गाठ सोडून मारली, शेवटी तीच म्हणाली, आजोबा, सैल राहिलाय, नीट बांधा.

मी नंतर धरलं तर म्हणाले की शब्द कुठं मोडला, तिला एकटीला तर काही दिलं न्हाय, आणि सांगितलं तर मुळीच न्हाय. हा माणूस असा आहे. एकीचं काढून घेतलेलं परत करायला ह्याला तीस पोरांची दीक्षा चालते, पण चुकलो म्हणायला जीभ उचलत न्हाय.

काल सकाळपासून मोटारी लागल्या. कुणी दोरा कापून ओट्यावर ठेवला, कुणी नमस्कार करून ठेवला. एका बाईनं डबी चांदीची आहे का विचारलं, पितळेची म्हटल्यावर तीही ठेवून गेली. पोरं रडत होती. त्यांना पोहायचं होतं, त्यांचं त्या दोऱ्याशी काही भांडण नव्हतं.

सोनाली फाट्यापासून उन्हात चालत आली. भांडायची सगळी तयारी तोंडावर दिसत होती. हे लिंबाखाली बसले होते ते उठून उभे राहिले. शिक्षणाधिकारी आला तरी हा माणूस कधी उठला न्हाय. उठले आणि दोन्ही तळवे पुढं करून उभे राहिले, छडी खायला पोरं उभी राहतात तसे. सोनालीनं त्या तळव्यांकडं बघितलं. मग ती आरोहीपाशी गेली. मला वाटलं आता दोरा तोडणार. तिनं ती डबी फ्रॉकच्या आत सारली आणि वरचं बटण लावलं.

बॅग भरून झाली. निघताना पोरं पाया पडतात तशी आरोही पडली आणि उभी राहून विचारू लागली की आता आम्ही सगळे चाललो, तर तुमची घरची नातवंडं येतील ना सुट्टीला? मी पदर सारखा करू लागले, तर म्हणाली, आजी, तुम्हाला खरीखुरी नात न्हाय का? सोनाली मागं बॅग घेऊन उभी होती आणि टक लावून माझ्याकडं बघत होती. त्या बघण्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले, न्हाय बाळ, मला नात न्हाय. चटकन म्हणाले, शेजारी मीठ मागायला आल्यावर न्हाय म्हणावं तसं. पोरीला वाईट वाटलं. तिनं माझा हात चोळला आणि म्हणाली की मग तुम्ही दरवर्षी शिबिर घेत जा.

तर तुझा शब्द मी राखला, अमर. ह्यांनी जेवढा सांडला तेवढा मी भरून काढला. सोनालीला ते दिसलं असेल. तिच्या मनातला राग उतरला तर पुढच्या उन्हाळ्याची आशा मी अजून सोडलेली न्हाय.

शाबासकी दे, नाहीतर चार शिव्या दे, पण पत्र धाड.
तुझी,
उमाक्का

धाराशिव
दि. २४ मे २०२३

सौ. उमाबाई यांस,
सोनालीचा सा. न. वि. वि.

मायना काय लिहावा ते कळेना. पूर्वी आई लिहीत होते.

त्या दिवशी मी भांडायलाच आले होते. पण मामंजींना तसं हात पुढं करून उभं राहिलेलं पाहिलं आणि भांडण तिथंच संपलं. ती डबी पाहिली तेव्हा कळलं, बाकी सगळी पोरं निमित्ताला होती. आणि एवढं होऊनही आरोहीला काही कळलेलं नव्हतं. तुम्ही दोघांनी तिच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. इतकं ज्यांना जमतं, त्यांच्यापासून लेकरू तोडून ठेवायचा मला काय अधिकार, असं बॅग भरताना वाटलं. तिथंच, तुमच्यासमोर, तिला सांगून टाकायचं ठरवलं.

तेवढ्यात तिनंच तो प्रश्न विचारला. मला वाटलं, बरं झालं, आता मला सुरुवात करायला नको. मी तुमच्याकडे बघत होते ते तुम्ही हो म्हणावं म्हणून. तुम्ही नाही म्हणालात.

माझाच शब्द पाळलात, त्यामुळं दोष देणार कुणाला? पण परतीच्या बसमध्ये ती रडत होती की त्या आजीला कुणीच नाही. आता सांगायचं तर ती विचारणार, मग आजी स्वतः नाही का म्हणाली? मी खोटं बोलले हे तिला पचेल, आया बोलतात. पण ती सारखी सांगत असते की त्या आजी कधी खोटं बोलत नाहीत, भाकरी करपली तर करपली म्हणतात. तिला वाटेल, तुम्हाला ती नको होती. ते मला तिला समजावता येणार नाही. दिग्विजयही म्हणतो की आता राहू द्यावं.

पुढच्या सुट्टीत तिला दुसरीकडे पाठवू. तुम्ही वाट पाहू नये, म्हणून लिहिलं.

प्रकृतीस जपावे. मनात राग धरू नये, मीही धरत नाही.
सोनाली

हंगरवाडी
दि. २८ मे २०२३

चि. अमर यास,
अ. उ. आ.

सोनालीचं पत्र आलं. ते तुला पाठवत न्हाय. तू ते पुरावा म्हणून तिच्याचपुढं मांडशील. थोडक्यात सांगते. त्या दिवशी ती माझ्याकडं बघत होती ते मी हो म्हणावं म्हणून. ती स्वतःच सांगणार होती. मी न्हाय म्हणाले, आणि आता तिला सांगता येत न्हाय.

हे तू दाजींना सांगू नको. ते रोज विचारतात की पुढच्या उन्हाळ्यात येईल का. मी म्हणते, बघू. शेडचे पत्रे वीरप्पा गोठ्याला घेऊन चाललाय, तरी त्यांनी दोन पत्रे काढू दिले न्हाईत.

आणि तू सोनालीकडं जायचं न्हाय. अक्काची समजूत चुकली, तिला तसं म्हणायचं नव्हतं, असला अर्ज घेऊन तिच्या दारात उभं राहायचं न्हाय. पोरीच्या मनात मी नातवंडं नसलेली एक म्हातारी आहे, तिची तिला कीव येते. नको असलेल्या नातीची आजी होण्यापेक्षा ते बरं.

सोनालीला मी उलट टपाली लिहिलं की तू ठरवलंस तेच बरोबर आहे, आमची काळजी करू नको, मला काही वाटत न्हाय. मला नात न्हाय म्हणताना जीभ अडखळली नव्हती. हे लिहितानाही हात अडखळला न्हाय. आता जमायला लागलंय.

आहे तेवढी माया जपून वापर, आपल्यात आता तेवढीच उरली आहे.
तुझी,
उमाक्का